हलके ओझे, लांबची वाट

पावसाळा सरून कार्तिक लागला की वर्धा जिल्ह्यातील नद्यांचे रूप पालटते. भाद्रपदात गढूळ पाण्याने फुगलेली धाम नदी पवनारपाशी काळ्या खडकांतून संथपणे वाहू लागते. डोह निवळतात, पात्रातील दगड उघडे पडतात, काठच्या काळ्या जमिनीतील चिखल वाळून तिला भेगा पडू लागतात. शिवारात ज्वारीची कणसे भरत आलेली असतात आणि पऱ्हाटीवर कापसाची वेचणी चाललेली असते. दिवसाचे ऊन सोसवते. रात्री आकाश निरभ्र असल्यामुळे जमिनीची ऊब लवकर निघून जाते व पहाटे गवतावर दव साचते. पायी प्रवास करणाऱ्याला वर्षातील याहून अनुकूल काळ मिळणे कठीण.

या अनुकूलतेचे मर्म हवेच्या सुखदपणापुरते नाही. या दिवसांत पाठीवरचे ओझे कमी ठेवता येते, हा त्याचा खरा लाभ होय. पावसापासून बचावाची साधने घरी ठेवता येतात. पौषातील कडक थंडीला लागणारी जाड पांघरुणे अजून आवश्यक नसतात. आणि वैशाखात जे पाणी खांद्यावर वाहून न्यावे लागले असते, ते वाटेतील विहिरींवर मिळते. हेमंताचा आरंभ हा अशा रीतीने वाटसरूचा अर्धा भार आपणच उचलतो.

उरलेल्या भाराचा हिशेब मात्र ज्याचा त्याने करावयाचा असतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चालणाऱ्या माणसास दिवसाला लागणारा कोरडा शिधा सुमारे पाऊण किलो. या दोन गोष्टी वाटेत संपत जातात व पुन्हा भरता येतात. बाकीचे सामान, म्हणजे पांघरूण, अंथरूण, बदलावयाचे कपडे, भांडे, दिवा, औषध इत्यादी, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेवढेच राहते. हलके चालण्याचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशींच्या पदयात्रिकांनी या बाकीच्या सामानास साधारणपणे साडेचार किलोंची, म्हणजे 10 पौंडांची, मर्यादा घातली आहे. ती पाळण्यासाठी त्यांनी एक साधी रीत ठेवली आहे. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून तिचे वजन कागदावर मांडावयाचे. ‘असू द्यावी’ म्हणून घेतलेल्या लहानसहान वस्तूंची बेरीज पाहिली म्हणजे मनुष्य आपोआप शहाणा होतो.

शरीराच्या दृष्टीने सर्व ओझे सारखे नसते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पाठीशी लगटून, कमरेवर तोलून धरलेला भार शरीर पुष्कळ सोसते. परंतु पायांत वाहिलेला भार प्रत्येक पावलागणिक उचलावा व पुढे फेकावा लागतो, म्हणून तेवढ्याच वजनाला त्याहून कित्येक पट अधिक श्रम पडतात. वऱ्हाड-वर्ध्याकडील काळ्या मातीतून पावसाळ्यात चाललेल्या शेतकऱ्यास हे सांगण्याची गरज नाही. वहाणेला चिकटलेला चिखल पावलोपावली वाढत जातो, आणि मैलभर वाट पाच मैलांसारखी वाटते. कार्तिकात तीच माती टणक झालेली असते, आणि साधी, हलकी वहाण पुरते.

हलके होऊन दूर चालण्याचा या देशातील एक मोठा प्रयोग याच धाम नदीच्या काठावरून सुरू झाला. 1938 साली आचार्य विनोबा भावे प्रकृती फार खालावल्यामुळे पवनारला राहावयास आले. धामेचा पूल ओलांडताना आपण मागील सर्व कामांचा भार मनाने टाकून दिला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. 8 मार्च 1951 रोजी ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायीच निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरत असता 18 एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी तेथील हरिजन कुटुंबांनी जमीन मागितली. त्यांना 80 एकर हवी होती, आणि सभेतील रामचंद्र रेड्डी या जमीनदारांनी उठून 100 एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो हाच.

त्याच वर्षीची दुसरी यात्रा ऋतूच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. नियोजन मंडळाशी विचारविनिमय करण्यासाठी पंडित नेहरूंनी विनोबांना दिल्लीस बोलाविले. आगगाडी होती, विमानही होते. परंतु विनोबांनी पायीच यावयाचे ठरविले. वयाची 56 वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 12 सप्टेंबर 1951 रोजी, ते पवनारहून निघाले व 13 नोव्हेंबर रोजी दिल्लीस पोहोचले. भाद्रपदात चिखलातून सुरू झालेली वाट कार्तिकाच्या स्वच्छ चांदण्यात संपली. सुमारे 800 मैलांचे अंतर दोन महिन्यांत, म्हणजे दररोज सरासरी 13 मैल. पोटातील व्रणाने त्रस्त असलेल्या, दूध-दह्यासारख्या अल्प आहारावर राहणाऱ्या कृश माणसाने हे साधले, ते वेगाच्या नव्हे तर नियमाच्या बळावर. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, कंदिलाच्या उजेडात वाटेला लागणे, ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठणे आणि उरलेला दिवस गावकऱ्यांना देणे, हा क्रम सहसा मोडत नसे. सामान थोडे असल्याने आवराआवर थोडी, आवराआवर थोडी असल्याने पहाट हाती लागे.

येथे एक शंका रास्त ठरेल. पाठीवर शिधा नाही, तंबू नाही, तर जेवण व आसरा कोठून यावयाचा? उघडच आहे की तो गावातून यावयाचा. हलक्या वाटसरूने टाकलेले ओझे नाहीसे होत नाही. त्याचा काही भाग यजमानाच्या चुलीवर जातो. म्हणून हलके चालणे हा एक प्रकारचा ऋणव्यवहार आहे. जो गावाकडून भाकरी घेतो त्याने गावाचे म्हणणे ऐकून घेण्यास, गावाच्या वेळेप्रमाणे वागण्यास आणि जे मिळेल त्यात समाधान मानण्यास तयार असले पाहिजे. मोटारीतून डबे घेऊन येणारा पाहुणा गावाला पाहतो. भुकेला पोहोचणाऱ्याला गाव आत घेते. भूदानातील जमीन मागण्याचा अधिकार या दुसऱ्या स्थितीतूनच उत्पन्न झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच विचाराची कसोटी पुढे पाहण्यात आली. 1962 साली सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टनकडे पायी निघाले, तेव्हा बरोबर पैसे न नेण्याचा सल्ला त्यांना विनोबांनी दिला. पैसा वजनाला हलका खरा. परंतु तो जवळ असला की थकलेला मनुष्य खाणावळ व धर्मशाळा शोधतो, कोणाच्या घराचे दार ठोठावीत नाही. अफगाणिस्तान व इराणमधील ओसाड प्रदेश या दोघांनी अशाच रिक्त हातांनी ओलांडला.

तथापि हलकेपणालाही मर्यादा आहे, आणि ती रुक्ष प्रदेशातील नद्यांच्या काठी स्पष्ट दिसते. मे 1960 मध्ये विनोबांची यात्रा चंबळेच्या खोऱ्यात भिंड-मुरैना भागात होती, व तेथे सुमारे 20 डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. चंबळेच्या दोन्ही अंगांस पावसाच्या पाण्याने मऊ गाळाची जमीन खोल खोल कापून काढली आहे. या घळींना तिकडे बेहड म्हणतात. नदी जवळ असूनही घळींच्या चक्रव्यूहात तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड, सावली विरळ, आणि मे महिन्याचे ऊन प्रखर. अशा ठिकाणी घोंगडी टाकावी, दुसरा सदरा टाकावा. पण पाणी टाकू नये. दिवसाला चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, आणि ते वाहिलेच पाहिजे. अनावश्यक ते घरी ठेवण्याचे प्रयोजन हेच की आवश्यक ते वाहण्यास अंगात बळ उरावे.

भूदानाच्या फलाविषयीही हाच तोल राखणे उचित होय. 1964 च्या एप्रिलमध्ये विनोबा पवनारला परतले, तोवर लाखो एकरांची दानपत्रे झाली होती. परंतु त्यांपैकी पुष्कळ जमीन खडकाळ वा तंट्यातील निघाली, आणि बरीचशी भूमिहीनांच्या हाती पडलीच नाही. वचन घेणारा पुढच्या गावी चालता झाला, आणि वाटणीचे जड काम मागे राहिले. हलक्या पावलांनी जे मिळते ते टिकविण्यास मुक्काम करणारी माणसे लागतात, हा धडाही या यात्रेचाच आहे.

आज कार्तिकात धामेच्या काठाने चार दिवस चालू इच्छिणाऱ्या कुटुंबास मोठ्या तयारीचे कारण नाही. एक हलके पांघरूण, पहाटेच्या गारठ्यासाठी लोकरीचा सदरा, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, जवसाची चटणी आणि दोन बाटल्या पाणी इतके बहुधा पुरे. नदीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. वरच्या अंगाला महाकाळी येथे धरण असल्याने पात्रात झोपू नये. बोर अभयारण्य हा 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकू नये. भाकरी देणाऱ्या घराला मोबदला विचारावा; तो नाकारला गेल्यास घटकाभर बसून त्या घरची कापसाच्या भावाची, पावसाची, मुलाबाळांची हकीकत ऐकावी. पहाटे निघावे, आणि ऊन तापण्यापूर्वी पुढच्या गावाच्या पारावर पाठीवरची पिशवी उतरवावी.