मुंबईच्या गाड्या, मुंबईची हवा

तीस वर्षांपूर्वी मुंबईत सिग्नलला टॅक्सीच्या मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे आणि घरी पोचेपर्यंत रुमालाला काळं लागलेलं असायचं. पेट्रोलमध्ये शिसं होतं, डिझेलमध्ये भरपूर गंधक. आज तो काळा लोट क्वचितच दिसतो. पण हा बदल आपसूक झाला नाही.

त्यासाठी नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या गटाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्ये वाहनांच्या धुरावर उपाय सुचवायला व्ही. एम. लाल समिती नेमली. त्यानंतर जुन्या टॅक्सी रस्त्यावरून हटू लागल्या किंवा सीएनजीवर धावू लागल्या. २०००मध्ये देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. इंधनातलं गंधकही टप्प्याटप्प्याने उतरलं. मुंबईत मिळणाऱ्या डिझेलमध्ये २०१०पूर्वी दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. त्या वर्षी ही मर्यादा ५० वर आणि २०२०मध्ये ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषणाची मानकं लागू होताना १० वर आली. गंधक कमी झाल्यामुळेच इंजिनाच्या धुरातले बारीक कण अडवणारी गाळणी डिझेल गाड्यांत नीट चालू शकली. पूर्वी डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती आता साडेचार मिलिग्रॅम आहे.

म्हणजे एकेक गाडी कितीतरी स्वच्छ झाली. हवा मात्र त्या प्रमाणात सुधारली नाही, कारण गाड्याच वाढल्या. २००१च्या सुमारास मुंबईत जवळपास १० लाख वाहनं होती. आज नोंदणीचा आकडा ४५ लाखांच्या पुढे गेला आहे. रस्ते मात्र सुमारे दोन हजार किलोमीटरच. एवढ्या गर्दीत गाडी धावत नाही, सरकत राहते. थांबायचं, पहिला गिअर टाकायचा, पुन्हा ब्रेक दाबायचा. अशा चालण्यात तेवढ्याच अंतराला जास्त इंधन जळतं आणि जास्त धूर निघतो. त्याचा मारा सगळ्यात आधी बसतो तो चौकातल्या वाहतूक पोलिसाला, फुटपाथवरच्या फेरीवाल्याला आणि बाजूंना काच नसलेल्या रिक्षाच्या चालकाला. यांतल्या कुणालाही घरात बसून काम करण्याची सोय नाही.

शिवाय गाडीची सगळी घाण सायलेन्सरमधून येत नाही. टायर झिजतात, ब्रेकचे पॅड झिजतात, आणि चाकांखालून रस्त्यावरची धूळ पुन्हा पुन्हा हवेत उडते. ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि आयआयटी मुंबईने शहरातल्या धूलिकणांच्या उगमाची मोजदाद केली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा रस्त्यांवरच्या धुळीचाच निघाला. बांधकामाचा राडारोडा वाहणारे डंपर, अर्धवट खणलेले रस्ते आणि वाढती वाहतूक ही एकमेकांत गुंतलेली दुखणी आहेत. विजेवरची गाडी धूर सोडत नाही हे मोलाचंच. पण तिचीही चाकं याच धुळीवरून जातात.

हिवाळ्यात हे सगळं डोळ्यांना दिसतं. एरवी समुद्रावरून येणारा वारा शहर झाडून काढतो. थंडीत तो मंदावतो, उशिरा सुटतो आणि धूर-धूळ जमिनीलगत साचते. म्हणून वाऱ्यावर विसंबून राहणं आता परवडणारं नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली, आणि जानेवारी २०२५मध्ये पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला सांगितलं. राज्य सरकारने त्यासाठी समितीही नेमली.

गाड्यांच्या धुराच्या तपासणीतही मोठं भगदाड आहे. ‘पीयूसी’ म्हणजे प्रदूषण तपासणीच्या केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात. फुप्फुसांना त्रास देणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्या चाचणीत मोजलेच जात नाहीत. प्रमाणपत्र खिशात असलेली गाडी स्वच्छ असेलच, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

या साऱ्यात सर्वांत चटका लावणारी गोष्ट ‘बेस्ट’ या शहराच्या बससेवेची आहे. एका बसमधले साठ प्रवासी दुचाक्या आणि मोटारींत बसवले तर रस्ता किती भरेल, हे कुठल्याही मुंबईकराला सांगावं लागत नाही. तरीही २०१०च्या सुमारास साडेचार हजारांहून मोठा असलेला ताफा २०२५मध्ये तीन हजारांच्या आत आला. स्वतःच्या जुन्या गाड्या भंगारात निघाल्या, त्यांच्या जागी तेवढ्या नव्या आल्या नाहीत. भाडेतत्त्वावर बस पुरवणाऱ्या काही कंत्राटदारांनी मध्येच काम सोडलं. मे २०२५मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२.

ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण धावते आहे. रस्त्यावरची गर्दी खाली उतरवण्याची ही मोठी संधी आहे. पण स्टेशनाबाहेर आल्यावर ऑफिसपर्यंतचा किंवा घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून बसवरच अवलंबून आहे. तिथे वीस-पंचवीस मिनिटं बस आली नाही, तर ज्याला जमेल तो हप्त्यावर स्कूटर घेतो.