यंत्र घेण्याआधी फ्रीझर मोजा

मे महिन्यात हिंगोलीत पारा 42 अंशांच्या पुढे गेला की घरोघरी आइस्क्रीमचा विषय निघतो आणि मोबाइलवर यंत्रं बघणं सुरू होतं. किती लिटरचं, किती वॅटचं, केवढ्याला, सगळं विचारलं जातं. थंडावा कुठून आणणार, हे मात्र विचारायचं राहून जातं. यंत्राची निवड खरं तर त्यावरच ठरते.

दूध, साय आणि साखरेचं मिश्रण साधारण उणे 3 अंशांना गोठू लागतं. विरघळलेली साखर त्याला शून्यावर गोठू देत नाही. उणे 5-6 अंशांपर्यंत त्यातलं जवळपास निम्मं पाणी बर्फ होतं. या बर्फाचे कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून मोठे झाले की जिभेला खरखर लागते. कण बारीक ठेवायचे तर मिश्रण झपाट्याने गोठवायला हवं आणि भांड्याच्या भिंतीवर धरणारा थर सतत खरवडून आत लोटायला हवा. फिरणारं पातं तेच करतं, शिवाय हवाही मिसळतं. कुल्फी ढवळत नाहीत, म्हणून तिचं दूध इतकं आटवावं लागतं: पाणीच कमी, तर बर्फही कमी.

बाजारात सर्वात स्वस्त आणि सुटसुटीत दिसतं ते दुहेरी भिंतीच्या भांड्याचं यंत्र. भिंतींच्या पोकळीतलं द्रावण आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट गोठवायचं, मग त्यात दूध ओतून यंत्र चालू करायचं. त्यासाठी फ्रीझर उणे 18 अंशांवर दिवसभर टिकला पाहिजे. आपल्याकडच्या एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा, दार दहादा उघडलं जात असताना आणि मध्येच वीज गेलेली असताना, तिथवर बहुधा पोचत नाही. काही फ्रीझरच्या दारावर छोट्या चांदण्या छापलेल्या असतात. एक म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. विजेची बचत सांगणाऱ्या चांदण्या वेगळ्या. चांदण्या नसतील तर साधा फ्रीझर थर्मामीटर रात्रभर आत ठेवा. भांडं कप्प्यात मावतं का, तेही पट्टीने मोजून घ्या. भांडं हलवल्यावर आत डुचमळल्याचा आवाज आला तर ते गोठलेलं नाही. त्यात दूध ओतू नका.

दुसरं कॉम्प्रेसरचं यंत्र. ते स्वतःच छोटा फ्रिज असतं, लागोपाठ दोन-तीन घाणे काढतं. पण ते महाग आणि जड असतं, ओट्यावरची बरीच जागा अडवतं, आणि घाणा अर्ध्यावर असताना वीज गेली की थंडावाही तिथेच थांबतो.

माझं मत विचाराल तर या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांनी पॉट घ्यावा. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी 9 सप्टेंबर 1843 रोजी हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं; आपला पॉट त्याच घराण्यातला. बाहेर लाकडी पिंप, आत धातूचा डबा, मध्ये फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. लाकूड उन्हाची उष्णता आत येऊ देत नाही आणि धातू दुधाची उष्णता झटकन बर्फाला देतो.

मिठाचं काम इथे नेमकं समजून घेण्यासारखं आहे. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. नुसता बर्फ हे शून्य अंशाला करतो, पण दुधाला गोठायला उणे 3 च्या खाली जायचंय. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून खेचतो. मिठाचं पाणी आणि बर्फ फार तर उणे 21 अंशांपर्यंत उतरतात. एवढी गरज नसते. वजनाने 5 भाग बर्फाला 1 भाग मीठ पुरतं. मीठ फार झालं तर कडेचा थर दगडासारखा धरतो आणि पातं अडकतं.

आता बर्फ किती आणायचा? 1 किलो मिश्रण 30 अंशांवरून खाली आणून त्यातलं निम्मं पाणी गोठवायला ढोबळमानाने 220 किलोज्यूल काढावे लागतात. तेच मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून 5 अंशांवर आणलं तर 130 च्या आसपास. म्हणजे काम 40 टक्क्यांनी हलकं! हिशेबाने किलोभर बर्फही पुरावा, पण पिंप आणि अंगणातली गरम हवा आपला वाटा घेतातच. 3-4 किलो जवळ असू द्या. साखर-दुधाचं कोमट मिश्रण थेट पॉटमध्ये ओतण्याची घाई हीच बहुतेक फसलेल्या घाण्यांमागे असते.

पॉट घेताना पात्याची कड डब्याच्या भिंतीला सगळीकडे टेकते का, हे झाकण काढून फिरवून बघा. फट राहिली तर तो थर खरवडला जात नाही. पिंपाच्या कडेचं भोक डब्याच्या झाकणाखाली हवं, म्हणजे जास्तीचं खारं पाणी तिथूनच बाहेर पडेल, दुधात शिरणार नाही. मात्र सगळं पाणी काढून टाकू नका. बर्फाच्या खड्यांमधल्या फटी तेच भरतं आणि डब्याला सगळीकडून थंडावा पोचवतं. दांडा हाताला जड लागू लागला की फिरवणं थांबवा. मोटारीचा पॉट असेल तर तिचा आवाज बदलतो, तेव्हाच बटण बंद करा, नाहीतर मोटार जळेल.

तयार आइस्क्रीम त्याच दिवशी संपवा. उणे 10 च्या फ्रीझरमध्ये, वीज येत-जात असताना, बारीक कण वितळून मोठ्या कणांवर पुन्हा गोठतात आणि दोन दिवसांत खरखर सुरू होते. आणि पिंपातलं खारं पाणी कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात ओतू नका, मोरीतच जाऊ द्या. काळ्या जमिनीत ते मीठ लवकर निघत नाही.