व्हॅक्यूमची फाटकी नळी

परतवाड्याच्या सागवानावर रंधा चालविणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील कारखान्यांत ढलप्या ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी बहुधा मुठीपाशीच चिरते, कारण वाकण्याचा सारा ताण तेथेच एकवटतो. आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याचा जो सार्वत्रिक रिवाज आहे तो मला निरर्थक वाटतो, कारण नळीच्या वळ्यांवर पट्टी सपाट बसत नाही व वऱ्हाडातल्या वैशाखात तिचा गोंद पाघळतो. त्यापेक्षा चिरलेला तुकडा धारदार सुरीने वळीच्या खाचेतून कापून टाकावा, आत तार असल्यास ती पकडीने तोडावी, आणि प्लास्टिकचे तोंड पुन्हा फिरवून बसवावे (त्याचे आटे पुष्कळदा उलटे असतात, म्हणून जबरदस्ती करू नये). नळी वीतभर आखूड होते, इतकेच. चीर मध्यावर असेल तर मात्र तेवढा भाग कापून दोन्ही टोके जुळवावीत आणि सांध्यावर बाहेरून रबरी नळकांडे चढवून क्लँपने आवळण्याची तजवीज करावी; ते आतून घातले, तर ढलप्या नेमक्या त्याच्याच काठाशी तुंबतात.