गाडीच्या दिव्याची काच आणि आतलं पाणी



गटाचं दूध पहाटे डेअरीला नेणारी पिकअप, बाजाराला भाजी नेणारा टेम्पो, कळा सुरू झालेल्या बाईला रात्री तालुक्याला नेणारी जीप. आपल्या गावातल्या या गाड्या बहुतेक जुन्याच असतात. गाडीत बसताना आपण टायर बघतो, ब्रेकची चौकशी करतो. हेडलाइटकडे मात्र कोणी बघत नाही. दिवा लागतो ना, मग झालं, असं आपण म्हणतो.

पण दिवा लागणं वेगळं आणि त्या उजेडात रस्ता दिसणं वेगळं. ताशी ६० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढं जाते. दोन नऊवारी साड्या एकापुढे एक पसरल्या, तर साधारण तेवढी लांबी होते. समोर माणूस आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो. गाडी थांबायला आणखी अंतर लागतं ते वेगळंच. अशा वेळी रस्त्याच्या कडेनं शेतातून परतणाऱ्या बाया किंवा उसाची बैलगाडी थोडी आधी दिसली, तर जीव वाचतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१८ साली तपासणी केली, तेव्हा धुरकट झालेल्या दिव्यातून नव्या दिव्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उजेड बाहेर पडताना आढळला. काच घासून नीट केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास परत आला. म्हणजे दिवा अगदी नव्यासारखा होत नाही, पण फरक मोठा पडतो. आणि हे काम आपल्याला घरच्या अंगणात करता येतं.

आधी दुखणं ओळखा

हेडलाइटची दुखणी दोन. एक बाहेरचं, म्हणजे काच पिवळी, धुरकट होणं. दुसरं आतलं, म्हणजे दिव्यात पाणी शिरणं. ओल्या फडक्यानं काच बाहेरून पुसा. ओली असेपर्यंत ती स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दुखणं बाहेरचं आहे. आतल्या बाजूला थेंब किंवा तळाशी पाणी दिसलं, तर आतलं आहे.

आपण काच म्हणतो खरं, पण आताच्या बहुतेक गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. नखानं टिचकी मारून बघा. खरी काच टणक वाजते, प्लॅस्टिक ठकठक वाजतं. खरी काच उन्हानं पिवळी पडत नाही, त्यामुळं तिला घासायची गरज नाही. प्लॅस्टिकवर कारखान्यात एक पारदर्शक कवच चढवलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हे कवच झिजतं, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं.

पिवळी काच कशी साफ करायची

रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर आणा. ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा एकेक पुरे. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. काच साबणाच्या पाण्यानं धुवा. भोवतालच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावा, नाहीतर गाडीचा रंग खरवडला जाईल.

कागद पाण्यात भिजवून ८०० नंबरापासून सुरुवात करा. काच थोडीच धुरकट असेल तर १००० पासून. काच आणि कागद सतत ओले ठेवा. आधी आडवं घासा, पुढच्या कागदानं उभं, त्याच्या पुढच्यानं पुन्हा आडवं. असं केलं की आधीचे ओरखडे गेले की नाहीत, ते लगेच कळतं. सुरुवातीला पिवळसर पाणी निघेल, ते झिजलेलं कवच. पाणी पांढरं निघू लागलं की पुढचा नंबर घ्या. घासताना काच आणखी पांढुरकी दिसते, त्यानं घाबरू नका. २००० नंबरानंतर ती सगळीकडं सारखी, मऊ आणि दुधाळ दिसायला हवी.

इथून पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच बरेच जण सोडतात. काच घासली म्हणजे उरलंसुरलं कवच आपणच काढलं. आता नवं कवच दिलं नाही, तर ती उन्हात पुन्हा लवकर पिवळी पडणार. टूथपेस्टनं घासलेली काच चार दिवस चमकते आणि मग पहिल्यासारखी होते, त्याचं कारण हेच.

म्हणून हेडलाइटसाठीचा, उन्हापासून राखणारा क्लिअर कोट स्प्रे वापरा. काच पूर्ण वाळवून, धूळ पुसून एक पातळ हात द्या. डब्यावर लिहिलेला वेळ थांबून दुसरा पातळ हात द्या. दुधाळपणा जाऊन काच पारदर्शक दिसू लागते. स्प्रे मारायचा असेल तर त्याआधी पॉलिश किंवा मेण लावू नका, कोट धरत नाही. स्प्रे मिळालाच नाही, तर गॅरेजवाले वापरतात ते रबिंग कंपाउंड चोळून चमक आणा आणि वर गाडीचं मेण लावा. मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

फवारणी उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करा. चूल, विडी-काडी आणि पोरंबाळं लांब ठेवा. थिनर, पेट्रोल किंवा रॉकेलनं काच पुसू नका. त्यानं प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

आत पाणी असेल तर

पावसाळ्यात पहाटे आत हलकं धुकं दिसतं आणि दिवा थोडा वेळ लावला की जातं. ते चालतं. थेंब किंवा साचलेलं पाणी मात्र चालत नाही.

गाडी बंद करून बॅटरीची वायर काढा आणि दिवा उतरवा. आधी मागची रबरी टोपी बघा. अनेकदा ती फाटलेली किंवा हरवलेली असते आणि नवी टोपी बसवली की काम होतं. मग काच आणि मागचा डबा जोडणारा सांधा फिरवून बघा. दिव्याच्या मागं हवेसाठी एक-दोन बारीक भोकं किंवा छोटी रबरी नळी असते. ती बुजवू नका. तापलेल्या दिव्यातली वाफ तिथूनच बाहेर जाते.

बल्ब काढून दिवा दिवसभर वाळवा, पण काच सूर्याकडं करून ठेवू नका. आतला आरसा ऊन एका जागी गोळा करतो आणि प्लॅस्टिक वितळू शकतं. वरून फडकं टाका. त्या आरशाला बोटही लावू नका. भांड्याच्या कल्हईसारखा त्याचा थर अगदी पातळ असतो. राखेनं किंवा फडक्यानं पुसायला जाल, तर तो निघून येईल.

सांध्याला बारीक फट असेल तर ती जागा साफ करून, पूर्ण वाळवून बाहेरून सिलिकॉन भरा. दुकानात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा. साध्या सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती वाफ आत कोंडली की आरसा आणि वायरची टोकं खराब होतात. भरल्यावर एक दिवस वाळू द्या. मग मागची टोपी बसवून सांध्यावर तांब्यानं हळूहळू पाणी ओता आणि आत थेंब येतो का बघा.

सांधा सगळीकडं सुटला असेल तर काच काढून बसवावी लागते. काही दिव्यांत ब्युटाइल नावाचा काळा, चिकट, च्युइंगगमसारखा पट्टा असतो. आधी स्क्रू आणि खटके काढा. हेअर ड्रायरनं सांधा सगळीकडून सारखा, सावकाश तापवला की पट्टा मऊ होतो आणि काच सुटते. जुना पट्टा काढून खाचेत नवा बसवा, थोडा तापवून काच दाबा आणि गार होईपर्यंत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवा. काही दिव्यांचा गोंद मात्र कडक असतो, तापवूनही सुटत नाही. तिथं जोर करू नका, काच फुटेल. दिवा चुलीवर तर कधीच धरू नका.

परत बसवताना

दिवा उतरवण्याआधी सपाट जागी गाडी भिंतीसमोर लावा आणि खालच्या उजेडाची वरची कड भिंतीवर खडूनं आखून ठेवा. काम झाल्यावर गाडी त्याच जागी उभी करून उजेड रेघेला मिळतो का बघा. उजेड वर गेला असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. दिव्यामागचा स्क्रू फिरवून तो खाली आणा किंवा गॅरेजात नेऊन जुळवून घ्या.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणामुळं ती एका जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदात किंवा स्वच्छ फडक्यात धरून बसवा. कंपनीनं दिला त्याच वॅटचा बल्ब घ्या. जास्त वॅटच्या बल्बनं होल्डर आणि वायर जळतात. आणि आरसाच काळा पडला असेल किंवा काचेला मोठा तडा गेला असेल, तर डागडुजीत पैसे घालू नका, दिवाच बदला.

मैत्रिणींनो, एक सांगतो. वॉटर पेपरचा एक संच आणि स्प्रेचा एक डबा दोन-तीन गाड्यांना पुरतो. गटानं मिळून आणला तर कोणा एकीवर भार पडत नाही. आज संध्याकाळी गटाची गाडी दारात आली की चालवणाऱ्या दादांना म्हणा, "दादा, जरा लाइट लावा बघू." दोन्ही दिव्यांसमोर उभ्या राहून बघा, काच कशी आहे आणि आत पाणी आहे का. ऊसतोडीच्या दिवसांत रात्रीची वर्दळ वाढते. हे काम त्याआधीच उरकून घ्या.