अपत्यवियोगानंतरचे सांत्वन : श्रद्धा, अश्रू आणि सोबत

केडगावच्या मुक्तिसदनात आईच्या कार्याचा मोठा भार वाहणाऱ्या मनोरमाबाईंचे २४ जुलै १९२१ रोजी निधन झाले. त्या चाळीस वर्षांच्या होत्या. मागे राहिल्या त्यांच्या मातोश्री, त्रेसष्ट वर्षांच्या पंडिता रमाबाई. दुष्काळाने रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली होती, १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये, विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वीच, पतीही गेले. त्यानंतर उरलेले एकमेव रक्ताचे नाते म्हणजे ही कन्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींनी एकत्रच ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. पुढे शिक्षण घेऊन परतलेली मुलगी शारदासदनाच्या शाळेची धुरा सांभाळू लागली. तरुणपणापासूनच ऐकू कमी येणाऱ्या आईला तिचाच आधार होता.

कन्येच्या मृत्यूनंतर रमाबाई साडेआठ महिने जगल्या. या काळात त्यांनी दोन कामे केली. संस्थेची जबाबदारी पुढे कोणाकडे जावी याची व्यवस्था लावली आणि अनेक वर्षे चाललेले बायबलचे मराठी भाषांतर पूर्णत्वास नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. श्रद्धावंत माणसाला दुःख होत नाही, असा अर्थ या चरित्रातून काढणे अन्यायाचे होईल. श्रद्धेने त्या मातेला उरलेल्या दिवसांसाठी एक चौकट दिली, प्रार्थनेची, कामाची आणि भोवतालच्या माणसांची. दुःख त्या चौकटीच्या आतच राहिले.

उतारवयातील पुत्रशोक

मुलांनी आईवडिलांना निरोप द्यावा, हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो. तो उलटला की म्हाताऱ्या आईबापांचे दुःख दुहेरी होते. काळजाचा तुकडा जातो आणि रोजच्या जगण्याचा आधारही जातो. औषधे कोण आणणार, बँकेत कोण नेणार, जळगावच्या दवाखान्यात सोबत कोण येणार, हे प्रश्न तेराव्या-चौदाव्या दिवशीच दारात उभे राहतात.

यावलसारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती कुटुंबाचे एकटेपण आणखी वेगळे असते. शेजारी प्रेमाने धावून येतात, परंतु दहावा-तेरावा या परिचित विधींची चौकट येथे नसते. दफनविधी आटोपला, प्रार्थनासभा झाली, पाळक किंवा फादर परत गेले की घर एकाएकी रिकामे होते. अशा घराला पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात सोबतीची अधिक गरज असते.

शास्त्रातील रडणारी माणसे

‘विश्वासणाऱ्याने रडू नये, माणूस प्रभूजवळ गेला आहे,’ असे सांत्वनाला येणारे अनेकजण सद्हेतूने सांगतात. प्रत्यक्ष पवित्र शास्त्रात मात्र रडणारी माणसे भेटतात. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येते. योसेफ मेला असे समजून याकोबाने मुलाबाळांकडून सांत्वन करून घेण्याचेच नाकारले. दाविदाची कथा तर दोन वेळा घडते. आजारी तान्ह्यासाठी त्याने उपवास केला आणि ते गेल्यावर उठून स्नान केले, उपासना केली, अन्न घेतले. पुढे तरणाबांड अबशालोम गेला तेव्हा मात्र तोच राजा मुलाचे नाव घेत आक्रोश करीत राहिला. एकाच माणसाचा शोक दोन प्रसंगी दोन प्रकारे प्रकट झाला. म्हणून घरात आजी रडते आणि आजोबा मुके बसतात, तेव्हा कोणाची श्रद्धा अधिक याचा हिशेब मांडू नये.

ईयोबाने दहा मुले गमावली. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्यांच्या भेटीतील सर्वांत चांगला भाग तोच. तोंड उघडून ते कारणे सांगू लागले आणि त्याच्या दुःखात भर पडली. स्तोत्रसंहितेतही देवाकडे तक्रार करणारी अनेक स्तोत्रे आहेत. ‘देवाने असे का केले?’ असे विचारणारी आई श्रद्धेबाहेर गेलेली नसते. ती प्रश्न अजून देवालाच विचारीत असते.

ज्यांचे दुःख मोजले जात नाही

खानदेशाच्या भूमीवरच घडलेली एक घटना येथे आठवते. धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात कोवळ्या वयात चमकले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना अहमदनगरला आपल्या घरी नेले. त्या ख्रिस्ती घरात, स्वतःचा धर्म न बदलता, त्यांना टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडून मुलासारखी माया मिळाली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्या सहवासाच्या आठवणी आहेत. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यानच्या भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस.

पोटचे नसलेल्या मुलाचे दुःखही घर हलवून टाकते. तरीही सांत्वनाला येणारे बहुधा जन्मदात्यांशीच बोलतात. वाढवणारी मावशी, दत्तक घेणारे पालक, नातवाला मांडीवर खेळवलेले आजीआजोबा बाजूला राहतात. आजीआजोबांच्या वाट्याला तर नातू गेल्याचे दुःख आणि स्वतःच्या मुलाचे रडणे पाहण्याची वेदना, अशी दोन्ही ओझी येतात. प्रार्थनेत त्यांचेही नाव घेतले जावे.

देहाकडे दुर्लक्ष नको

शोक मनाचा असला तरी तो देहावर उतरतो. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार असतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो आणि त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. म्हणून छातीत दुखणे, दम लागणे किंवा भोवळ येणे याला ‘दुःखामुळे होत असेल’ असे म्हणून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. पहिल्या काही आठवड्यांत रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चुकतात, जेवण सुटते, पाणी कमी पडते, झोप मोडते. काळजी घेणाऱ्याने औषधांची पेटी रोज स्वतः तपासावी. उपवास-प्रार्थना करायची असल्यास मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बहुतेकांचा शोक हळूहळू सुसह्य होतो. सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र राहिली आणि नित्याचे व्यवहार थांबलेलेच असले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो ‘दीर्घकाळ रेंगाळणारा शोकविकार’ असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

ख्रिस्ती घरांत एक वाक्य विशेष कान देऊन ऐकावे, ‘मलाही आता त्याच्याकडे जायचे आहे.’ पुनर्भेटीची ती शांत आशा असू शकते किंवा जीव नकोसा झाल्याची खूणही असू शकते. ‘जीव संपवावा असे मनात येते का?’ असे मायेने, पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास त्यांना एकटे सोडू नये, गोळ्या आणि कीटकनाशके हाताबाहेर ठेवावीत आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असा संकोच बाळगू नये. प्रेषित पौलाचा प्रिय सहकारी लूक हा वैद्यच होता.

सोबत करणाऱ्यांसाठी

‘देवाची इच्छा होती’, ‘देवाला तो अधिक आवडला’ ही वाक्ये आपण होऊन उच्चारू नयेत. दुःखी माणूस स्वतःच तसे म्हणत असेल, तर ते शांतपणे ऐकावे. गेलेल्या मुलाचे नाव घेण्यास कचरू नये. नाव टाळले की आईवडिलांना तो दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतो. दृष्टी मंदावली असेल तर मोठ्या अक्षरांचे किंवा ध्वनिमुद्रित बायबल आणून द्यावे. रोज ठरावीक वेळी एखादे स्तोत्र वाचून दाखवावे आणि सोबत चहा घ्यावा. उपासनेला जाणे जड वाटत असेल तर आग्रह धरू नये. मंडळीतील दोघेतिघे घरीच येऊन एखादे गीत म्हणू शकतात.

मुलाचा वाढदिवस, नाताळ, ईस्टरची पहाट, २ नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा दिवस आणि पहिले वर्षश्राद्ध येण्याऐवजी येणारा पहिला स्मृतिदिन, हे दिवस दिनदर्शिकेवर आत्ताच खूण करून ठेवावेत. त्या दिवशी कबरेवर फुले वाहायला जाताना वृद्ध आईवडिलांचा हात धरणारे कोणीतरी असावे. काय बोलावे हे न सुचले तरी चालेल. सोबत जावे.