रोग एक, औषध एक. मग गुण वेगळा का?

बर्फावर बर्फ घासला तर घर्षण फारच थोडे होते. पण निरोगी गुडघ्यात किंवा बोटाच्या पेरात होणारे घर्षण त्याहूनही कमी असते! हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि सांध्याचे आतले अस्तर बुळबुळीत द्रवाचे वंगण पुरवते.

हे यंत्र बिघडले की आपण त्याला संधिवात म्हणतो. त्याचे प्रकार अनेक. उतारवयात कूर्चा झिजून गुडघे दुखतात, तो एक. दुसरा संधिवाताभ संधिशोथ, म्हणजेच आमवात. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडू लागते. हा रोग ऐन उमेदीतही जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिपटीने अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत हजार प्रौढांमागे सुमारे पाच जणांना तो असल्याचे दिसले.

कुरतडलेला सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून येथे सर्वांत महत्त्वाची राशी म्हणजे काळ. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झाले, तर पुष्कळ रुग्णांचे सांधे वाचवता येतात. मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध फारसे महागही नाही.

मग हा मोलाचा काळ जातो कोठे? आपल्या वऱ्हाडातच पाहू या. मेळघाटातील धारणीहून अमरावती घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणजे एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी. शिवाय भाषेचे अंतर आहेच. येथील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे कुळ जुळत नाही. आमवाताचे निदान केवळ रक्त तपासून होत नाही. सकाळी उठल्यावर बोटे किती वेळ आखडलेली असतात? दोन्ही हातांचे तेच सांधे सुजतात का? हालचाल केल्यावर बरे वाटते का? या प्रश्नांची उत्तरे लागतात. परक्या भाषेत ती सारी 'हात दुखतात' या दोन शब्दांत आटोपतात. मग वेदनाशामक गोळी मिळते. दुखणे दबते, पण हाड कुरतडणे चालूच राहते.

पुढे औषध मिळाले तरी धोका टळत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते. अधूनमधून रक्त तपासावे लागते, म्हणजे पुन्हा प्रवास आला.

कोणी म्हणेल, अडचण फक्त अंतराची आणि पैशाची असेल. प्रयोगात एक राशी स्थिर ठेवून दुसरीचा परिणाम पाहतात, तसे येथेही करू या. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरला फी द्यावी लागत नाही आणि बर्मिंगहॅमसारख्या शहरात दवाखाना काही घाटापलीकडे नसतो. तरीही तेथील अभ्यासांत दक्षिण आशियाई वंशाचे आमवाताचे रुग्ण इतरांपेक्षा उशिरा डॉक्टरकडे पोचलेले दिसले. रोगाची माहिती नसणे, आधी इतर उपचार करून पाहणे, अशी कारणे पुढे आली. म्हणजे रस्ता आणि पैसा यांइतकीच, समजेल अशा शब्दांत मिळालेली माहितीही महत्त्वाची ठरते.

आनुवंशिकतेमुळे हा रोग होण्याची शक्यता कमीअधिक होते, हे खरे. पण उपचाराला झालेला उशीर काही रक्तातून येत नाही. तो भाषेतून, अंतरातून आणि गरिबीतून येतो. म्हणून तो कमी करता येतो.

मेळघाटातील आणि अकोट-तेल्हाऱ्याकडील शिक्षकांनी व कोरकू विद्यार्थ्यांनी वरचे तीन प्रश्न कोरकूत लिहून आरोग्य केंद्राला द्यावेत. गोळीचा वार नक्की करताना डॉक्टरांना आठवडी बाजाराचा दिवस सुचवावा. तो कोणी विसरत नाही. आणि कोणाची बोटे रोज सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडून राहत असतील, तर 'वय झाले' म्हणून गप्प न बसता तपासणीचा आग्रह धरावा.