सणाच्या ताटातला पक्षी: काही पक्के गैरसमज

नाताळ म्हटला की अख्खी भाजलेली टर्की, हे चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय, की ही प्रथा पहिल्या नाताळापासून चालत आली असावी असं बऱ्याच जणांना वाटतं. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याला गोव्याची हद्द लागूनच आहे. तिथे या समजाला आणखी दोन जोडून येतात: कोंबडी मूळची आपल्याच रानातली, आणि आपल्या सणांत पक्ष्याला मुळी जागाच नाही. तिन्ही समज चुकीचे आहेत.

आधी टर्की. हा पक्षी मेक्सिकोकडचा. तिथल्या लोकांनी तो माणसाळवला आणि स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेला. म्हणजे नाताळ सुरू झाल्यावर हजाराहून जास्त वर्षं युरोपात कुणी टर्की पाहिलीही नव्हती. बड्यांच्या मेजवानीत राजहंस आणि मोर असत, तर ज्यांना परवडे त्यांच्या घरी गूज, म्हणजे पाळलेला हंस. यामागे हिशेब सरळ होता. सुगी झाली की शेतात सांडलेले दाणे खाऊन गूज लठ्ठ होतं. पुढे हिवाळाभर त्याला पोसायचं म्हणजे दाणापाणी विकत आणायचं, त्यापेक्षा तेव्हाच कापलेलं बरं. जर्मनीत 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, अजूनही गूज भाजतात.

टर्कीला नाताळात चार्ल्स डिकन्सने आणलं, असंही म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. त्याच्याआधी इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत ती पोचली होतीच. 1843 साली आलेल्या त्याच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंब गूज खातं, शेवटी मन पालटलेला कंजूष स्क्रूज त्यांच्या घरी भलीमोठी टर्की धाडतो. मला त्यातला एक बारकावा फार मोलाचा वाटतो. क्रॅचिटांची पोरं ते गूज घरच्या चुलीवरून नव्हे, पाववाल्याच्या भट्टीतून आणतात. लंडनच्या गरिबांकडे एवढा पक्षी भाजायला भट्टी नव्हती, म्हणून ते पाववाल्याकडे भाजायला देत. अख्खा पक्षी सणाच्या ताटात यायला श्रद्धेच्या जोडीला बंद भट्टी लागते, ती ही अशी. सामान्य इंग्रजी घरात टर्की नेमाने येऊ लागली ती विसाव्या शतकात, मोठ्या प्रमाणावर पैदास होऊन ती स्वस्त झाल्यावर.

अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगचीही तीच गत. या सणाचं मूळ मानल्या जाणाऱ्या 1621 च्या मेजवानीचं वर्णन करणाऱ्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात शिकार करून आणलेले पक्षी आहेत, तिथल्या मूळ रहिवासी वांपानोआग लोकांनी दिलेली पाच हरणं आहेत, टर्कीचं नाव मात्र नाही.

आता इकडे येऊ. टर्की भारतात इंग्रजांनी आणली, हा समज खोडायला गोव्यापलीकडे जावं लागत नाही. 1612 मध्ये मुकर्रब खानाने बादशहा जहांगीरसाठी गोव्याहून काही अपूर्व जनावरं आणली, त्यात टर्की होती. तिचं डोकं आणि मान घडीत पोवळ्यासारखी लाल, घडीत पांढरी, मग निळसर होते, हे जहांगीरने आठवणींत कौतुकाने लिहून ठेवलंय. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तरीही टर्की काही गोव्याच्या नाताळाची ओळख झाली नाही. तो मान डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलला.

कोंबडीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. जोयड्याच्या जंगलात पहाटे आरवतो तो राखाडी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळट ठिपके असतात. आपल्या अंगणातली कोंबडी मुख्यतः याची नव्हे, तांबड्या रानकोंबड्याची वंशज. तो उत्तर आणि पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंत राहतो आणि आग्नेय आशियातच माणसाळला. तरी आपल्या रानकोंबड्याचा वाटा अगदीच नाही असं नाही: पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा जनुक त्याच्याकडून आल्याचं 2008 च्या संशोधनात दिसून आलं.

आपल्या सणात पक्षी नाही म्हणणाऱ्यांनी कोकणात डोकावावं. गावच्या राखणदाराला कोंबडा देतात. सिंधुदुर्गातल्या काही घरांत तर गौरीलाही तिखटाचा नैवेद्य असतो. फक्त आपण पक्षी अख्खा भाजत नाही, आणि त्याची कारणं शहाणपणाची आहेत. घरात चूल होती, बंद भट्टी नव्हती. वर्षभर उकिरडा उकरत हिंडलेल्या गावठी कोंबड्याचं मांस चिवट. तो अख्खा भाजला तर दात लागत नाहीत. तुकडे करून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून मंद आचेवर रटरटत ठेवला की तो मऊ होतो. शिवाय रस्सा वाढवता येतो, म्हणून एका कोंबड्यात मोठं एकत्र कुटुंब वड्यांबरोबर जेवून उठतं.

एक समज मात्र घातक आहे: सणापुरता एखादा रानकोंबडा मारला तर चालतं. चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे, आणि जोयडा तालुक्याचा मोठा भाग तर काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. नैवेद्याला, राखणीला आणि पाहुण्यांना अंगणातलाच कोंबडा हवा.